सवाल, जबाब आणि दफ्तर : प्रस्तावना

पावसाळा सरता सरता वसईतल्या निर्मळ-भुईगावकडचा एखादा वाडीवाला राजेळी केळीचे पिवळे पडलेले पान वर्तमानपत्राच्या घडीत गुंडाळून तालुक्याच्या गावी एखाद्या जाणत्याकडे येतो, जाणता बाहेर गेलेला असल्यास त्याच्या ओसरीवर दोन तास बसतो, आणि अखेर भेट होऊन ज्या प्रश्नाचे उत्तर घेऊन तो घरी परततो, नेमका तोच प्रश्न आणि तसेच पान घेऊन पुढच्या आठवड्यात त्याच्याच आळीतला दुसरा वाडीवाला त्याच ओसरीवर येऊन बसतो. पहिल्याला मिळालेला जबाब दुसऱ्याच्या कामी येत नाही, कारण तो कोठे लिहून ठेवलेला नसतो. आणि जाणता गृहस्थ निवर्तला की चाळीस वर्षांचे असे हजारो जबाब त्याच्याबरोबर जातात. मुखपृष्ठावर संगणकाचे चित्र असले तरी प्रस्तुत पुस्तकाचा विषय या ओसरीपासून सुरू होतो.

तज्ज्ञांचा सल्ला लोकांपर्यंत पोहोचविणारे संकेतस्थळ काढावयाचे ठरले म्हणजे त्यासाठी प्रश्नोत्तराची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, कोणते घ्यावे, हा तो विषय. लेखक माझे विरारचे तरुण स्नेही. कृषिविद्येचे पदवीधर आणि पोटासाठी संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारे. त्यांनी हस्तलिखित माझ्या हाती ठेवले तेव्हा, खरे सांगायचे तर, एवढ्याशा गोष्टीवर अख्खे पुस्तक कशाला, असेच माझ्या मनात आले; दफ्तर ठेवायचे म्हणजे कपाट लागणार, आणि कपाट विकत घेण्याचे शास्त्र ते काय असणार! हस्तलिखित वाचून संपले तेव्हा माझे मत पालटले होते. कपाटाला कप्पे किती, किल्ली कोणाकडे, आतला कागद काढून दुरुस्त करता येतो की नाही, आणि बिऱ्हाड बदलताना कपाट दारातून बाहेर निघते की नाही, यांवर दफ्तराचे आयुष्य ठरते. आणि दफ्तर गेले की सल्लाही गेला. पेशव्यांच्या दफ्तरातील निवडक कागद रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध केले आणि त्यांतच वसईच्या मोहिमेचे कागद आपल्या हाती आले, ते केवळ कोणीतरी रुमाल बांधून ठेवले होते म्हणून.

सवाल-जबाबाच्या रूपाने ज्ञान साठविण्याची रीत आपल्याला नवी नाही. प्रश्नोपनिषदातील सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे समिधा घेऊन जातात आणि ऋषी त्यांना आधी एक वर्ष तपाचरणात राहावयास सांगून मगच उत्तरे देतात; आजच्या संकेतस्थळांवर नाव नोंदविताना ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात त्यांनी हे ध्यानी घ्यावे. मिलिंदपञ्हात राजा पुसतो आणि नागसेन सांगतो. चक्रधरांच्या मागे म्हाइंभटांनी, ज्याने जे ऐकले ते त्याच्या तोंडून उतरवून घेत, लीळाचरित्र सिद्ध केले. विखुरलेल्या जबाबांचे दफ्तर कसे करावे याचा मराठीतील तो पहिला वस्तुपाठ. आणि ज्या काळी वसई पोर्तुगिजांच्या अमलाखाली होती त्या काळी, १५६३ साली, गोव्यात गार्सिया द ओर्ता या वैद्याचा वनौषधींवरचा ग्रंथ छापला गेला, तोही आद्यंत संवादरूप आहे. त्यात रुआनो नावाचा नवागत पुसतो आणि ओर्ता सांगतो. मात्र रुआनो हा ग्रंथकर्त्याने कल्पिलेला प्रश्नकर्ता; ओर्ताला जे सांगायचे आहे तेथेच तो बहुधा प्रश्न आणून ठेवतो. खऱ्या माणसाचा प्रश्न असा सोयीचा नसतो. तो अर्धवट असतो, रोगाचे नाव चुकीचे घेऊन येतो, आणि पुष्कळदा जे विचारायचे ते सोडून भलतेच विचारतो.

अनोळखी माणसाचा खरा प्रश्न छापून त्याखाली उत्तर देण्याचा उद्योग लंडनमध्ये जॉन डन्टन या पुस्तकविक्याने १६९१ साली ‘अथेनियन मर्क्युरी’ हे पत्र काढून आरंभिला. उत्तरे विद्वानांची एक सभा देते असा बोलबाला त्याने केला होता. प्रत्यक्षात ती सभा म्हणजे तो स्वतः आणि त्याचे दोन-तीन आप्तस्नेही. तज्ज्ञ कोणाला म्हणावे आणि त्याची सनद कोणी तपासावी, हा वाद या धंद्याइतकाच जुना आहे.

आपल्याकडील उदाहरण याहून गंभीर आहे आणि ते मला अधिक विस्ताराने सांगावेसे वाटते. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालविले. कामजीवन व संततिनियमन यांसंबंधी जे प्रश्न माणूस डॉक्टरलाही विचारावयास धजत नसे ते वाचक त्यांना पत्राने विचारीत, आणि कर्वे त्यांना छापील, रोखठोक, शास्त्राला धरून उत्तरे देत. वाचकांच्या अशा प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. युक्तिवाद झाला, आणि तरीही कर्व्यांना दंड झाला. या प्रकरणात आजच्या संकेतस्थळचालकाला पडणारे यच्चयावत् प्रश्न आहेत: पुसणाऱ्याचे नाव गुप्त राहील काय, उत्तराची जबाबदारी लिहिणाऱ्यावर की छापणाऱ्यावर, आणि बहुसंख्यांना न रुचणारे परंतु खरे उत्तर टिकवून धरण्याची सोय त्या व्यवस्थेत आहे काय. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ७९व्या कलमाने मध्यस्थाला काही संरक्षण दिले, तरी ज्या स्थळाचा चालक स्वतःच तज्ज्ञ नेमतो आणि त्यांच्या नावावर सल्ला देतो त्याने या कलमाच्या भरवशावर निर्धास्त झोपू नये, असे माझे मत आहे.

शेतीकडे वळावयाचे तर आकाशवाणी, दूरदर्शनवरील ‘आमची माती, आमची माणसं’, कृषी खात्याचे ‘शेतकरी’ मासिक, ही सारी साधने आपापल्या काळी मोलाची ठरली. पण बोललेले उत्तर हवेत विरे आणि छापलेले उत्तर रद्दीत जाई. २१ जानेवारी २००४ रोजी केंद्र सरकारने किसान कॉल सेंटर सुरू केले, १८००-१८०-१५५१ या बिनपैशाच्या क्रमांकावर मराठीतून सल्ला मिळू लागला, आणि तेथे आलेल्या प्रश्नांच्या नोंदी पुढे सरकारने सर्वांना खुल्या केल्या. नोंदी पुष्कळदा एका ओळीच्या आहेत, तरी दफ्तर उघडे ठेवण्याची बुद्धी झाली हे थोडे नव्हे. त्याच्याही आधी, २००३ साली, मुंबईच्या आयआयटीत प्रा. कृती रामामृतम् आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ए-ॲक्वा’ ही व्यवस्था उभी केली होती. बहुतेक सर्व प्रश्नांना उत्तर, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. त्यातला ‘बहुतेक’ हा शब्द मला फार आवडतो. शेतकऱ्याने मराठीत प्रश्न घालावा, हवे तर रोगट पानाचे छायाचित्र जोडावे, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञाने त्याखाली उत्तर लिहावे, आणि पुढच्या शेतकऱ्याला ते शोधून सापडावे, असा तिचा क्रम होता. मराठी मुलखात मराठी माणसासाठी प्रश्नोत्तराची आज्ञावली निवडण्याचा, किंबहुना घडविण्याचा, हा पहिला मोठा प्रयत्न, आणि प्रस्तुत लेखक आपल्या विचाराची वंशावळ तेथूनच सांगतात.

आज बाजारात मिळणाऱ्या आज्ञावल्यांचे ढोबळ मानाने तीन संप्रदाय पडतात. पहिला चावडीचा: एकाने विषय काढावा आणि बाकीच्यांनी एकामागून एक बोलत जावे. पीएचपीबीबी हा त्यातला जुना, आणि २०१३ मध्ये आलेला डिस्कोर्स हा नवा व देखणा. गप्पांना हा उत्तम. पण नेमके उत्तर सत्तेचाळिसाव्या बोलण्यात दडलेले असते आणि अडलेल्या माणसाला तेथवर जाण्याची उसंत नसते.

दुसरा संप्रदाय मतदानाचा. जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ साली ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ काढून तो नावारूपाला आणला; प्रश्नाखाली उत्तरे, उत्तरांना वाचकांची मते, अधिक मतांचे उत्तर वर. क्वेश्चन-टू-आन्सर, आस्कबॉट, अपाची आन्सर या त्याच घराण्यातल्या, कोणालाही विनामूल्य घेऊन आपल्या सर्व्हरवर बसविता येणाऱ्या आज्ञावल्या. कलगी-तुऱ्याच्या फडात सवाल-जवाब रंगला म्हणजे हरजीत जशी समोरच्या गर्दीच्या आरोळीवर ठरते, तशीच ही रीत. गर्दी जेव्हा स्वतः जाणकार असते, आणि संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांची ती होती, तेव्हा ही रीत अद्भुत फळ देते, कारण चुकीचे उत्तर करून पाहिले की पाच मिनिटांत उघडे पडते. केळीच्या बागेत ते उघडे पडावयास दहा महिने लागतात.

तिसरा संप्रदाय अर्ज-जबाबाचा: प्रश्न म्हणजे अर्ज, त्याला क्रमांक, तो नेमलेल्या तज्ज्ञाच्या टेबलावर जाणार, आणि उत्तर फक्त तोच देणार. गूगलने २००२ साली पैसे घेऊन उत्तरे देणारी सेवा याच तत्त्वावर काढली आणि चार वर्षांत बंद केली. या संप्रदायाची शिस्त वाखाणण्याजोगी. दोष एवढाच की तज्ज्ञ रजेवर गेला की खिडकी बंद, आणि पुष्कळ ठिकाणी उत्तर एकट्या अर्जदाराला जाऊन दफ्तर कोरेच राहते.

माझे मत असे की सल्ल्याच्या स्थळाला यांतील एकही संप्रदाय जसाच्या तसा मानवणारा नाही, आणि जो नमुना हवा आहे तो आपल्या महसुली दफ्तरात पूर्वीपासून आहे. सातबाऱ्यावर फेरफार घालावयाचा तर तलाठी नोंद घेतो, संबंधितांना नोटीस काढतो, हरकतीला मुदत देतो, आणि मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो; जुने नाव खोडून नाहीसे होत नाही, ते कंसात जाते, आणि कोणत्या क्रमांकाच्या फेरफाराने ते कंसात गेले हे कोणालाही वाचता येते. उत्तरालाही हेच हवे. २००५ साली एखाद्या तज्ज्ञाने किडीवर एन्डोसल्फान फवारावयास सांगितले असेल तर त्या काळी ते गैर नव्हते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातल्यानंतर ते उत्तर कंसात जावयास हवे होते. मतदानाच्या आज्ञावलीत मात्र त्याला सहा वर्षांत पडलेली मते तशीच राहतात आणि ते सर्वांत वर दिमाखाने मिरवत बसते. म्हणून आज्ञावली पाहावयास गेलेल्याने रंगरूप आणि बिल्ले नंतर पाहावेत. उत्तर दुरुस्त केल्यावर जुना मजकूर, दुरुस्ती करणाऱ्याचे नाव आणि तारीख राहते काय, हे आधी पाहावे. चांगल्या आज्ञावल्यांत ही सोय असते, पण ती वापरावयाची कोणी, याचा कायदा चालकालाच करावा लागतो.

आता थोडे स्वतःच्या फजितीविषयी. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही चार मंडळींनी वाडीवाल्यांसाठी असेच एक लहानसे स्थळ चालविले होते, भाड्याच्या सर्व्हरवर. एके दिवशी भाडेवाल्याने सारे बाड एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलविले आणि सकाळी पाहतो तो तीन वर्षांच्या प्रत्येक उत्तरातील प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह! पानवेलीची मूळकूज, मोगऱ्याच्या कळीवरची अळी, सुकेळी वाळविताना येणारी बुरशी, सगळ्यांची उत्तरे प्रश्नचिन्हांत. नव्या कोष्टकाला रोमन लिपीपुरती वर्णमाला नेमलेली होती. देवनागरी अक्षर तीत बसेना, तेव्हा यंत्राने प्रामाणिकपणे त्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले, आणि एकदा लिहिले की मूळ अक्षर परत येत नाही. भाडेवाल्याला बोल लावून उपयोग नव्हता, कारण प्रत आम्हीच ठेवली नव्हती. ज्यांनी त्या उत्तरांपैकी काही लिहिली होती त्यांतील दोघे आज हयात नाहीत.

मराठीचा प्रश्न वर्णमालेपाशी संपत नाही, आणि या पुस्तकाचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग येथेच आहे. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ऱ्य दोन वेगवेगळ्या रीतींनी टंकता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला ते दोन निराळे शब्द, आणि एका रीतीने शोधणाऱ्याला दुसऱ्या रीतीने लिहिलेले उत्तर सापडत नाही. केळी, केळीवर, केळींना, केळ्यांच्या, ही सामान्यरूपे एकाच झाडाची आहेत हे इंग्रजीसाठी बांधलेल्या शोधाला कळत नाही. आणि सर्वांत मजेची गोष्ट ‘मर’ या शब्दाची. केळीच्या पनामा रोगाला शेतकरी मर म्हणतो. परंतु मायएसक्यूएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसची अंगभूत शब्दसूची, मुद्दाम बदलली नाही तर, तीन किंवा चार अक्षरांहून लहान शब्दाची नोंदच घेत नाही. इंग्रजीतील किरकोळ शब्द गाळावेत हा त्यामागचा हेतू. त्या चाळणीत आमचे मर, तण आणि खत हे तिन्ही शब्द गळून पडतात. शेतीच्या स्थळावर खत शोधावे आणि काहीही सापडू नये, ही गोष्ट जाहिरातीच्या पत्रकात कोणी छापीत नाही. वसईत तर आणखी एक गुंता आहे: पुसणारा कादोडी बोलीत पुसेल किंवा वाडवळीत, आणि तज्ज्ञ लिहिणार ग्रांथिक मराठीत. प्रश्न पुसणाऱ्याच्याच शब्दांत राहू द्यावा आणि पर्यायी शब्दांची यादी निराळी ठेवावी, हा लेखकांचा तोडगा मला पटला.

किल्ली कोणाकडे, याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. याहू आन्सर्सचे उदाहरण पुरे. २००५ साली निघालेले हे जगड्व्याळ स्थळ ४ मे २०२१ रोजी मालकाने बंद केले, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे तेथे फुकट उत्तरे लिहिली त्यांना आपापले कागद गोळा करावयास थोडी मुदत मिळाली. उलट स्टॅक ओव्हरफ्लोवरील मजकूर खुल्या परवान्याखाली असल्याने त्याच्या नकला जगात अनेकांपाशी आहेत. वसईतल्या एखाद्या लहान मंडळाने परक्याच्या स्थळावर फुकट कोनाडा घ्यावा की स्वतःच्या सर्व्हरवर जीपीएल या खुल्या परवान्याची आज्ञावली बसवावी, हा पैशाचा नसून दफ्तराच्या मालकीचा प्रश्न आहे, आणि क्वेश्चन-टू-आन्सरसारखी हलकी आज्ञावली स्वस्तातल्या भाड्याच्या जागेतही चालते.

हे सारे आताच का, असे कोणी विचारील. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका झाली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, आणि या काळात बावखले, म्हणजे वाड्यांतली तळी, बुजून त्यांवर इमारती उठल्या. वाडीची विद्या ज्यांच्या हातात होती ती पिढी आता थकली आहे. कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे, पालघरला दापोलीच्या विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, तज्ज्ञांची वानवा नाही; पण नालासोपाऱ्याहून कोसबाडला जाणे म्हणजे एक दिवस मोडणे. शिवाय आता यंत्रे स्वतःच उत्तरे देऊ लागली आहेत. केंद्र सरकारचा ‘किसान ई-मित्र’ २०२३ साली आला, आणि साध्या फोनवरही वाटेल त्या प्रश्नाला अस्खलित मराठीत जबाब मिळतो. हा जबाब यंत्र जे लिहिलेले सापडते त्यावरून रचते. केळीविषयी मराठीत जे लिहिलेले आहे त्यात जळगावचा वाटा मोठा. तेथील कोरड्या उन्हातल्या, ठिबकावरच्या बागेचा सल्ला समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात माडाच्या सावलीला वाढणाऱ्या राजेळीला लागू पडेलच असे नाही. वसईचे दफ्तर लिहिलेलेच नसेल तर यंत्राने तरी ते कोठून वाचावे?

पुस्तकात काय साधले आहे याविषयी दोन शब्द. लेखकांनी आज्ञावल्यांची तुलना केली आहे, पण गुण देऊन क्रम लावलेला नाही. कोणत्या मंडळाला, किती तज्ज्ञांना, कोणत्या भाषेच्या वाचकांना काय सोयीचे, हे त्यांनी एकेक प्रसंग घेऊन तपासले आहे. शेतीबरोबर वैद्यकी, कायदा आणि जमिनीचे कागद यांच्या सल्ल्याची उदाहरणेही घेतली आहेत. माझा मतभेद एका ठिकाणी आहे आणि तो मी त्यांना सांगितलेला आहे. तरुण असल्यामुळे मतदानावर त्यांचा विश्वास अधिक. ‘आभार’ नोंदविण्याला माझी हरकत नाही, पण सल्ल्याचा अग्रक्रम मतांनी ठरू नये, या म्हणण्यावर मी कायम आहे. त्यांनी माझी हरकत पुस्तकात नोंदवून घेऊन आपले मत खाली तसेच ठेवले, आणि ही रीतही मला योग्य वाटली. आज्ञावल्यांच्या आवृत्त्या बदलत राहतील, त्यामुळे पुस्तकातील काही तपशील दोन वर्षांत शिळे होतील. मर, तण, खत ही तीन शब्दांची परीक्षा मात्र प्रत्येक नव्या आज्ञावलीवर वाचकाने स्वतः घेऊन पाहावी.

वसई-विरारच्या वाचकांना एक विनंती करतो. आपल्या घरी वडिलांची किंवा आजोबांची वाडीची वही असेल, कोणा जाणत्याने पोस्टकार्डावर लिहून पाठविलेला सल्ला असेल, तर तो टिपून ठेवावा. पुसणाऱ्याचे शब्द बदलू नयेत, गावाचे नाव द्यावे, आणि तारीख घालावयास विसरू नये.

वसई